बारा वॉट, दोन मिलिलिटर: एका लहान व्हेपची तपासणी

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या, म्हणजे निकोटिनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटच्या, विक्रीवर बंदी आली. सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे वळणाऱ्याला आता पुन्हा भरता येणारे, पुन्हा चार्ज करता येणारे उपकरण निवडल्यावाचून गत्यंतर नाही. पुण्यात शिकत असताना टपरीवरच्या सुट्ट्या सिगारेटपासून सुरू झालेली माझी सवय इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात नोकरीसाठी आल्यावर अख्ख्या पाकिटावर गेली होती. ती सोडायची ठरवल्यावर इथल्या धूम्रपानमुक्ती सेवेतल्या सल्लागार बाईंनी मला लहान, कमी वॉटचे, टाकी असलेले उपकरण घेण्यास सुचवले. त्यांनी निवडीची कसोटीही सांगितली. वाफ किती निघते याकडे लक्ष द्यायचे नाही. सिगारेटची तलफ आलेली असताना ते उपकरण हाताशी असेल आणि तरीही सिगारेट पेटवली गेली, तर उपकरण नापास. पुढचे सगळे लिखाण या कसोटीला धरून आहे.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करायला हव्यात. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण या सगळ्यांवर बंदी आहे, त्यामुळे तिथल्या वाचकाने हे वाचून काही मागवण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरे असे की निकोटिनचे व्यसन लागते आणि वाफ निरुपद्रवी नसते. जो सिगारेट ओढत नाही, त्याला या वस्तूचा काहीही उपयोग नाही.

कमी वॉटच का, हा प्रश्न मी दुकानात विचारला, कारण काउंटरवर मांडलेली बहुतेक उपकरणे साठ-ऐंशी वॉटची होती. विक्रेत्याने दिलेले उत्तर पुढे वापरताना तंतोतंत पटले. सिगारेट ओढणारा माणूस धूर आधी तोंडात घेतो आणि मग छातीत ओढतो. मोठ्या उपकरणात हवा मोकळी असते, कॉइलचा, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, विद्युतरोध ओहमच्या पाचव्या हिश्श्याइतका खाली असतो आणि वाफ थेट छातीत जाते. इतकी वाफ एकदम घेताना द्रवात निकोटिन जास्त असले तर ते सोसत नाही, म्हणून अशा उपकरणांत मिलिलिटरला तीन मिलिग्रॅमच्या आसपासचा द्रव भरतात आणि तो भराभर संपतो. लहान उपकरणाचे गणित उलटे असते: वाफ थोडी, निकोटिन दाट, ओढ (झुरका घेताना लावावा लागणारा जोर) घट्ट. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले पीटर हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेली, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पुन्हा भरता येणाऱ्या व्हेपचीच होती आणि सोबत १८ मिलिग्रॅमचा द्रव दिला होता. वर्षभरानंतर व्हेप मिळालेल्या गटातले १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, तर पट्ट्या, च्युइंगम वगैरे निकोटिनचे इतर पर्याय मिळालेल्या गटात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. याच चाचणीतली दुसरी बाजू दुकानदार सहसा सांगत नाहीत, ती अशी की व्हेपच्या गटात सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षअखेरीस व्हेप ओढतच होते. दुधाची तहान ताकावर भागते खरी, पण ताक सुटत नाही.

मी घेतलेल्या उपकरणाचे नाव इथे देत नाही. याच घडणीची उपकरणे अनेक कंपन्या बनवतात आणि तपासण्याची रीत सगळ्यांना सारखीच लागू पडते. हाताच्या बोटाएवढ्या जाडीची धातूची नळी, तिच्यात कायमची बसवलेली १००० मिलिअॅम्पिअर-तासांची बॅटरी, एकच बटण, आणि १०, १२ व १४ वॉट अशा तीन पायऱ्या. पाच वेळा भरभर दाबले की उपकरण सुरू किंवा बंद होते. वर आट्यांनी बसणारी काचेची टाकी आहे आणि तिच्या बुडाशी १.६ ओहमची कॉइल दाबून बसवायची असते. खोक्यात एक जादा कॉइल, रबरी कड्यांचा संच, चार्जिंगची तार आणि माहितीपत्रक होते. खोक्यावर खरवडून पाहायचा क्रमांक होता, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून माल अस्सल असल्याची खात्री करून घेतली. नकली माल या धंद्यात भरपूर आहे, त्यामुळे हे काम उपकरण उघडण्याआधीच उरकलेले बरे.

टाकीत दोन मिलिलिटर द्रव मावतो. ही मर्यादा कंपनीने ठरवलेली नाही. ब्रिटनमध्ये २०१६ पासून लागू असलेल्या नियमांनुसार टाकी दोन मिलिलिटरपेक्षा मोठी, निकोटिनच्या द्रवाची बाटली दहा मिलिलिटरपेक्षा मोठी आणि द्रवातले निकोटिन मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. भरताना गळती होऊ नये, अशी अटही याच नियमांत आहे. बाटलीची चोच किमान नऊ मिलिमीटर लांब आणि टाकीच्या तोंडापेक्षा अरुंद असावी, आणि बाटली उभी उलटी धरली असता तिच्यातून मिनिटाला वीसपेक्षा जास्त थेंब पडू नयेत, इतक्या बारकाव्याने ती ठरवून दिलेली आहे. माझ्या टाकीचे वरचे झाकण दाबून फिरवले की उघडते, म्हणजे लहान मुलाच्या हातून सहज उघडणार नाही. आत चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन खाचा आहेत. एका खाचेतून द्रव आत जातो आणि दुसरीतून हवा बाहेर येते, त्यामुळे बाटलीची चोच एका बाजूला धरून हळूहळू दाबली की थेंबही बाहेर येत नाही. मधल्या चिमणीत मात्र द्रव जाता कामा नये. ती वाफेची वाट आहे, आणि तिथे द्रव उतरला की पुढचे सगळे झुरके गुडगुडत येतात.

नवी कॉइल बसवण्याआधी तिच्या बाजूच्या भोकांतून दिसणाऱ्या कापसावर द्रवाचे दोन-चार थेंब सोडायचे, मग टाकी भरायची, आणि बटणाला हात न लावता दहा मिनिटे थांबायचे, अशी पद्धत आहे. या दहा मिनिटांत काय होते हे काचेतून दिसते. पांढरा कापूस कडेकडून पारदर्शक होत जातो, भोकाच्या तोंडाशी बारीक बुडबुडे जमतात, त्यातला एखादा सुटून वर जातो, आणि ते थांबले की कापूस भिजला असे समजायचे. कापूस किती लवकर भिजतो हे द्रवाच्या दाटपणावर अवलंबून असते. द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पतीजन्य ग्लिसरीन या दोन घटकांचा बनतो. पहिला पातळ असतो, दुसरा मधासारखा ओघळतो. लहान कॉइलची भोके बारीक असल्याने तिला निम्मे-निम्मे प्रमाण मानवते. ताडून पाहण्यासाठी मी सत्तर टक्के ग्लिसरीनचा द्रव याच टाकीत भरून पाहिला. लागोपाठ चार-पाच झुरके घेतल्यावर कापसाला पुरवठा कमी पडू लागला आणि वाफेला करपट वास यायला लागला. टाकी त्या द्रवासाठी बनलेलीच नव्हती, त्यामुळे याचे गुण मी कापले नाहीत. दुकानदाराने उपकरण विकतानाच द्रवाचे प्रमाण सांगायला हवे, एवढे मात्र वाटले.

करपट झुरक्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण सुरक्षिततेच्या वादात त्याचे स्थान मोठे आहे. जानेवारी २०१५मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखवले की ५ व्होल्टवर चालवलेल्या उपकरणाच्या वाफेत फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाची संयुगे सापडतात, आणि ३.३ व्होल्टवर ती आढळत नाहीत. वर्तमानपत्रांनी त्यातला पहिलाच भाग उचलला. ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी त्याच वर्षी अनुभवी व्हेपधारकांना घेऊन प्रयोग केला. त्यांचे म्हणणे असे की फॉर्मल्डिहाइडसारख्या अॅल्डिहाइडचे प्रमाण खूप वाढते ते कोरड्या, करपलेल्या झुरक्यातच, आणि असा झुरका इतका कडवट लागतो की कोणीही तो ओढत राहणार नाही. माझ्या मते या वादातून खरेदीदाराने घ्यायचा मुद्दा साधा आहे: उपकरण करपण्याच्या सीमेपासून किती दूर राहते, ते पाहावे. निम्म्या-निम्म्या द्रवावर १० आणि १२ वॉटला कितीही भरभर ओढले तरी माझी कॉइल करपली नाही. १४ वॉटला, टाकी तळाला आलेली असताना लागोपाठ ओढल्यावर मात्र त्या चवीची चाहूल लागली. म्हणून १४ची पायरी या कॉइलसाठी असून नसल्यासारखीच मी धरतो.

आता ओढीकडे वळतो, कारण माझ्या हिशेबी निम्मे गुण तिथेच आहेत. टाकीच्या बुडाशी एक फिरणारी कडी आहे आणि तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत भोके आहेत. सर्वांत मोठे भोक उघडे ठेवले की हवा जास्त येते, वाफ पातळ होते आणि तोंडात काही आल्यासारखे वाटत नाही. सर्वांत लहान भोकावर गाल आत जातात. मधल्या दोन भोकांपैकी लहान भोकावर ओढ जवळपास फिल्टरच्या सिगारेटइतकी घट्ट लागते. या टाकीत मला सर्वांत आवडलेली बाब अशी की कडी प्रत्येक भोकावर खट्कन थांबते, त्यामुळे खिशात ठेवल्यावर आपोआप सरकत नाही. दुकानात हाताळलेल्या दुसऱ्या एका टाकीची कडी इतकी ढिली होती की बोट लागताच फिरत होती. रोजच्या वापरात अशी कडी दर वेळी नव्याने लावावी लागली असती, आणि तलफ आलेल्या माणसाला तेवढा धीर नसतो.

वॉटच्या पायऱ्या खऱ्या आहेत की नुसतेच दिवे, हे तपासायला थोडी शाळेतली भौतिकी पुरते. १.६ ओहमच्या कॉइलला १० वॉट द्यायचे तर ४ व्होल्ट लागतात, १२ वॉटला साधारण ४.४ आणि १४ वॉटला ४.७. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते आणि वापरासोबत साडेतीनच्याही खाली उतरते. ज्या स्वस्त उपकरणात बॅटरी कॉइलला थेट जोडलेली असते, त्यात याच कॉइलवर सकाळी ११ वॉट मिळतात आणि बॅटरी उतरल्यावर जेमतेम सात. संध्याकाळी चव फिकी पडली की माणूस पुन्हा पाकिटाकडे वळतो. माझ्या उपकरणात व्होल्ट वाढवणारे परिपथ आहे, असा माहितीपत्रकात दावा होता. तो पडताळण्यासाठी मी सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा लहान काटा वापरला. उपकरण टाकीसकट तोलायचे, घड्याळाकडे पाहत तीन-तीन सेकंदांचे झुरके घ्यायचे, पुन्हा तोलायचे आणि कमी झालेल्या वजनाला झुरक्यांच्या संख्येने भागायचे. १० वॉटला दर झुरक्याला सुमारे ४ मिलिग्रॅम द्रव खर्च झाला, १२ला साडेपाच आणि १४ला सातच्या आसपास. बॅटरीचा दिवा हिरव्यावरून लाल झाल्यावर १२ वॉटला हाच हिशेब केला, तर फरक काट्याच्या चुकीच्या मर्यादेतच राहिला. दावा खरा निघाला.

या आकड्यांवरून निकोटिनचाही अंदाज बांधता येतो. निम्म्या-निम्म्या द्रवाचा एक मिलिलिटर साधारण १.१५ ग्रॅम भरतो. साडेपाच मिलिग्रॅम द्रव म्हणजे मिलिलिटरचा दोनशेवा भागसुद्धा नाही. द्रवात मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन असेल, तर एका झुरक्यात ०.०९ मिलिग्रॅमहून किंचित कमी निकोटिन वाफेत येते आणि बारा झुरक्यांत सुमारे एक मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात जाणारे निकोटिनही साधारण एक ते दीड मिलिग्रॅम असते. हा निव्वळ हिशेब आहे. वाफेत आलेले सगळेच शरीरात शोषले जात नाही, आणि सिगारेटचे निकोटिन मेंदूपर्यंत जास्त वेगाने पोचते. तरी ठोकताळा म्हणून तो कामाचा ठरला. जेवणानंतरच्या सिगारेटच्या जागी दहा-बारा झुरके सलग घ्यायचे, हे त्यावरून ठरले. मधूनच एखादा झुरका घेऊन उपकरण खिशात टाकण्याची जी पद्धत मी आधी धरली होती, तिच्यापेक्षा या रीतीने तलफ अधिक नीट शमते.

साधे निकोटिन आणि निकोटिन सॉल्ट यांतला फरकही याच टाकीत पाहता आला. सॉल्टमध्ये बहुधा बेंझोइक आम्ल मिसळलेले असते. त्यामुळे द्रवाची अल्कता उतरते आणि जास्त निकोटिन असूनही घशाला टोचत नाही. तलफ भागवण्यात दोन्ही जवळपास सारखे ठरले. पण वर्षानुवर्षे घशाला धुराचा चटका लागलेल्या माझ्यासारख्याला सॉल्ट फारच मिळमिळीत वाटले आणि मी साध्या निकोटिनवर परतलो. स्वादांबद्दल फार लिहीत नाही. तंबाखूचा म्हणून विकला जाणारा एकही स्वाद मला तंबाखूसारखा लागला नाही, आणि पुदिन्याचा चालून गेला, एवढे पुरे.

गळती हा टाकीचा जुना रोग. रात्री टाकी तोलून उपकरण टेबलावर आडवे ठेवले आणि सकाळी पुन्हा तोलले तेव्हा काट्यावर फरक दिसला नाही. शर्टाच्या खिशात ठेवून रेडिंग ते लंडन असा ट्रेनचा रोजचा प्रवास केला, तेव्हाही हवेच्या भोकांशी ओल दिसली नाही. झुरक्यातली थोडी वाफ चिमणीत गार होऊन थेंब जमतात आणि ते तोंडात येतात, त्याला मात्र इलाज नाही. एक-दोन दिवसांनी तोंडाला लावायची नळी काढून टिश्यूची सुरळी आत फिरवली की काम भागते. गळती खरी सुरू झाली ती कॉइल बदलताना बुडाची रबरी कडी पिळवटून बसल्यावर. खोक्यातली जादा कडी लावल्यावर ती थांबली. टाकी काचेची असल्याचा एक फायदा असा की दालचिनी किंवा लिंबूवर्गीय स्वादांनी प्लास्टिकच्या टाक्यांना तडे जातात, तो धोका इथे नाही. उलट बाजूही आहेच. फरशीवर पडली तर ही टाकी वाचणार नाही, आणि माझ्या उपकरणासोबत जादा काच आली नव्हती. या किमतीत ती द्यायला हरकत नव्हती.

बॅटरीचा हिशेब असा. १००० मिलिअॅम्पिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३.७ वॉट-तास, म्हणजेच तेरा हजारांहून थोडे अधिक ज्यूल. १२ वॉटचा तीन सेकंदांचा झुरका ३६ ज्यूल खातो, म्हणजे कागदावर ३७० झुरके होतात. परिपथात वाया जाणारी ऊर्जा आणि बॅटरी पूर्ण उतरण्याआधीच उपकरण बंद होणे लक्षात घेता प्रत्यक्षात तीनशेच्या आतबाहेर निघतात. टाकी रिकामी होण्याआधी बॅटरी संपते, हे थोडे अडचणीचे आहे. पण सकाळी पूर्ण चार्ज असलेले उपकरण रात्रीपर्यंत पुरते, आणि चार्ज होत असतानाही ओढता येते. बॅटरी बदलता येत नाही, ही मात्र मोठी उणीव आहे. फेकून द्यायच्या व्हेपवर बंदी आली ती मुख्यतः कचऱ्यामुळे आणि लहान मुलांच्या हाती पडत असल्यामुळे. या उपकरणाची बॅटरी दमली की तेही नळीसकट पुनर्वापराच्या पेटीतच जाणार, फक्त काही दिवसांऐवजी दीड-दोन वर्षांनी.

खर्चात फारसे दुमत होण्याचे कारण नाही. इथे वीस सिगारेटचे पाकीट पंधरा पौंडांच्या वर गेले आहे. दहा मिलिलिटरची बाटली तीन-चार पौंडांना मिळते आणि माझ्या वापराला ती जवळपास आठवडाभर जाते. कॉइल साधारण दोन आठवडे टिकते. गोड स्वादाचा द्रव असेल तर साखरेसारख्या गोडव्याचा काळा थर लवकर चढतो आणि ती त्याआधीच टाकावी लागते. १ ऑक्टोबर २०२६ पासून दहा मिलिलिटरला २.२० पौंड शुल्क आणि त्यावर व्हॅट लागण्याचे ठरले आहे. तेव्हा मोठ्या वॉटचे, बाटल्यामागून बाटल्या रिचवणारे उपकरण बाळगणाऱ्याच्या खिशाला जेवढी कात्री लागेल, तेवढी लहान टाकीवाल्याला लागणार नाही.

सल्लागार बाईंकडे गेल्यावर दर वेळी कार्बन मोनॉक्साइडची चाचणी होते. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग पुठ्ठ्याच्या नळीतून यंत्रात सावकाश सोडायचा. पहिल्या भेटीत यंत्राने विसाच्या वरचा आकडा दाखवला होता. सिगारेट न ओढणाऱ्याचा आकडा सहसा सहाच्या आत असतो. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे सिगारेट पूर्ण थांबल्यावर माझा आकडाही तिथे उतरला. कार्यालयाच्या पार्टीत एक सिगारेट ओढली, तर ती दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत थोडी का होईना दिसलीच. त्या रात्री उपकरण घरी चार्जिंगला राहिले होते, त्यामुळे बाईंच्या कसोटीनुसार ते नापास ठरत नाही.

पुण्याला जाताना उपकरण इथेच ठेवावे लागते. त्या मुदतीसाठी पट्ट्या आणि दोन मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगम इथल्या औषधाच्या दुकानातून घेऊन जातो. आता १८ऐवजी १२ मिलिग्रॅमची बाटली आणली आहे. निकोटिन कमी केले की माणूस नकळत जास्त आणि लांब झुरके घेऊन ते भरून काढतो, असे बाईंनी बजावले आहे. त्यामुळे वॉट १२च ठेवून काटा पुन्हा बाहेर काढला आहे आणि सकाळ-रात्रीच्या वजनांची नोंद सुरू केली आहे. दिवसाचा द्रव दीडपट झाला, तर निकोटिन पहिल्याइतकेच जात आहे असे धरून १८वर परतायचे आणि हिवाळ्यानंतर पुन्हा उतरायचे, असे आमच्यात ठरले आहे.